क्षयरोग : लागतो कसा, थांबतो कसा



या अंकातला अभ्यासलेख क्षयरोगावर आहे. महिला संघाच्या बैठकीत किंवा घरगुती उपासनेनंतर एकाने तो मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी मध्येच थांबवून प्रश्न विचारावेत, अशा बेताने लिहिला आहे. आपण ज्या पाड्यांसाठी धान्य, कपडे आणि औषधांचे पैसे पाठवता, तिथे हा रोग चांगलाच ओळखीचा आहे. शहरातल्या आपल्या मंडळ्यांतही तो आहे. तिथे त्याचे नाव जरा हळू आवाजात घेतात, एवढाच फरक.

क्षय ‘लागतो’ हे सगळ्यांना ठाऊक असते. तो कसा लागतो, केव्हा लागतो आणि लागायचा केव्हा थांबतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्यामुळे भीती भलत्या ठिकाणी बसते आणि सावधगिरी जिथे हवी तिथे कोणी घेत नाही.

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यातले एक कुटुंब घ्या. नवराबायको मुकादमाची उचल घेऊन दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला गेले. बरोबर सासू, सासरे आणि अंगावर पिणारे बाळ. पाचही जण चार महिने एका कोपीत राहिले. होळीला माघारी आले तेव्हा सुनेला दोन महिन्यांचा खोकला होता, संध्याकाळी कणकण येत होती, अंगावरचे पोलके सैल झाले होते. आशाताईंनी तिचा बेडका तपासायला पाठवला. क्षय निघाला, गोळ्या सुरू झाल्या. त्याच दिवशी घरात तिचे ताट आणि पेला वेगळा झाला. सासूने बाळ काढून घेतले. चार दिवसांत तिला माहेरी धाडायचे ठरले.

आमच्या कार्यकर्त्या ताई पोचल्या तेव्हा सासू पावरीत म्हणाली, “ताई, रोग घरात नको. बरी झाली की आणू.”

ताईंनी विचारले, “मावशी, दोन महिने ती खोकत होती, तेव्हा झोपायची कुठे?”

“आमच्यातच. कोपीत दुसरी जागा कुठली?”

क्षय समजून घ्यायचा तर या उत्तरापासून सुरुवात करावी. ज्या काळात तिच्यापासून धोका होता, त्या काळात घरातली सारी माणसे तिच्या शेजारी झोपत होती. धोका उतरायला लागला, त्या दिवशी तिला वेगळे काढले. आणि ती जर माहेरी गेली असती, तर गोळ्या इथे आणि ती तिथे, अशी गत झाली असती.

जंतूची ओळख

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. त्याआधी युरोपातले कितीतरी शिकलेले डॉक्टरसुद्धा क्षय घराण्यातून, रक्तातून उतरतो असे मानत. आजा खंगून गेला, मग बाप, मग मुलगा. हे डोळ्यांनी दिसत असल्यावर दुसरे काय वाटणार? पाड्यावर कोणी ‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणाले, तर हसण्याआधी हे आठवावे. त्यांचे निरीक्षण बरोबर असते. रोग खरोखरच एका घरात राहतो, कारण त्या घरातली माणसे एकच हवा आत घेतात.

पण कारण माहीत नसले की दोष कुणाच्या तरी माथी येतो. ओळीने दोन-तीन माणसे खंगून गेली की एखाद्या विधवेला, एकट्या बाईला डाकीण ठरवून छळण्याचे प्रकार सातपुड्याच्या पट्ट्यात झाले आहेत. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला तो अशाच गोष्टींसाठी. जंतूचा धडा हा त्या बाईच्या जिवाचाही प्रश्न असतो, हे आमच्या कार्यकर्त्यांना चांगले माहीत आहे.

हा जंतू काडीच्या आकाराचा असतो आणि त्याच्या अंगावर मेणासारखे जाड कवच असते. त्याचा स्वभाव संथ. आतड्यातला साधा जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो. रोग हळूहळू चढतो, माणूस महिनोन्‌महिने ‘आज बरे वाटेल, उद्या बरे वाटेल’ करत राहतो, ते यामुळे. औषधही सहा महिने घ्यावे लागते, त्याचे एक कारण हेच. संथ आणि अर्धवट झोपलेल्या जंतूंपर्यंत औषध पोचायला वेळ लागतो.

हवा, आणि फक्त हवा

फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो, तेव्हा बारीक थेंब उडतात. मोठे थेंब खाली पडतात, धुळीत मिसळतात आणि त्यांच्यापासून फारसे भय नसते. अगदी सूक्ष्म थेंब मात्र वाळून इतके हलके होतात की बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात. दुसऱ्याने श्वास घेतला की ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. नाकातले केस, घशातला ओलावा त्यांना अडवू शकत नाही.

हे नुसते अनुमान नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. क्षयरोग्यांच्या सहा खाटांच्या वॉर्डातली हवा नळ्यांमधून वर नेऊन गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. हे प्राणी रुग्णांच्या जवळ कधी गेले नाहीत, त्यांच्या ताटातले काही त्यांनी खाल्ले नाही. त्यांच्या वाट्याला फक्त रुग्णांची हवा आली. तेवढ्याने त्यांना क्षय झाला. दुसऱ्या पिंजऱ्यांत तीच हवा, पण अतिनील किरणांमधून जाऊन आलेली. तिथले प्राणी निरोगी राहिले. आणखी एक गोष्ट दिसली. बहुतेक लागण थोड्याच रुग्णांकडून झाली होती, आणि लागू पडणारे औषध ज्यांना सुरू होते, त्यांच्याकडून ती क्वचितच झाली.

सूर्यप्रकाशात अतिनील किरण असतात. उघड्या रानात, उन्हात, वाऱ्यात क्षयाची लागण होणे कठीण. बंद, अंधाऱ्या, दाटीच्या जागेत, रोज तासन्‌तास एकत्र राहिल्याने ती होते. बसमध्ये शेजारी दहा मिनिटे बसल्याने होणारी ही लागण नव्हे. जिथे आपण झोपतो, ती जागा महत्त्वाची.

जाता जाता घराबद्दल एक गोष्ट. कुडाच्या भिंतींचे जुने घर आपल्याला मागासलेले वाटते, पण त्याच्या फटींतून आणि कौलांतून वारा खेळतो. घरकुल योजनेतली सिमेंटची एक खोली, जिची एकुलती खिडकी थंडीमुळे किंवा चोरीच्या भीतीने वर्षभर बंद असते, ती या एका बाबतीत कुडाच्या घराहून वाईट ठरू शकते. नवे घर बांधायला आपण मदत करत असाल, तर समोरासमोर दोन खिडक्यांचा आग्रह जरूर धरा.

आता ताटाची गोष्ट. क्षय ताटातून, पेल्यातून, कपड्यांतून, अंथरुणातून, हात मिळवण्यातून पसरत नाही. तरीही पहिले वेगळे होते ते ताटच. कारण ताट दिसते, हवा दिसत नाही. वेगळ्या ताटाने घरातल्या कुणाचे रक्षण होत नाही. आजारी माणसाला मात्र रोज दोन वेळा कळते की आपण आता या घरातले राहिलो नाही. सुना आणि आया हे जास्त सोसतात. पुरुषाला क्षय झाला तर बायको त्याची सेवा करते. बायकोला झाला तर तिला माहेरचा रस्ता दाखवतात. असे सगळीकडे होत नाही हे मान्य, पण जिथे होते तिथे कुणाला त्याचे फारसे नवल वाटत नाही.

हाच प्रश्न आपल्या मंडळीतही येतो. प्रभुभोजनाचा प्याला एकच असेल, तर क्षय झालेल्या सभासदाने तो घ्यावा का? एका पाळकांनी आम्हांला खरोखर विचारले होते. क्षयाच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे : प्याल्यातून क्षय लागत नाही. प्याला स्वच्छ ठेवायला इतर कारणे आहेत, क्षय हे त्यांतले नव्हे. पण त्याच उपासनेत, पावसाळ्यात दारेखिडक्या लावून, चाळीस माणसे दाटीवाटीने बसून तासभर गीते गातात, तिकडे कुणाचे लक्ष नसते. १९६८ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात आढळले की गाताना तोंडातून जितके सूक्ष्म थेंब हवेत राहतात, ते साध्या बोलण्यापेक्षा खूप जास्त आणि जवळजवळ खोकल्याइतके असतात. गाणे थांबवायचे नाही. खिडक्या उघडायच्या, आणि जमेल तेव्हा झाडाखाली बसायचे. पाड्यांवरच्या आपल्या मंडळ्या हे आपसूकच करतात, कारण त्यांच्याकडे इमारत नाही.

जंतू शिरला म्हणजे रोग झाला असे नाही

इथे थोडे सावकाश वाचावे, कारण गोंधळ इथेच होतो.

जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात क्षयाचा जंतू कधी ना कधी शिरलेला आहे, असा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर क्षय होत नाही. शरीर जंतूला कोंडून ठेवते. असा माणूस आजारी नसतो आणि त्याच्यापासून कुणाला लागणही होत नाही. शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांना पुढे रोग होतो आणि त्यांतल्या पुष्कळांना पहिल्या दोन वर्षांतच. म्हणून घरात नवा रुग्ण सापडला की ती दोन वर्षे घरातल्या बाकीच्यांवर नजर ठेवायची असते.

कोंडलेला जंतू सुटतो केव्हा? शरीराची ताकद घटते तेव्हा. उपासमार, एचआयव्ही, मधुमेह, दारू, तंबाखू-बिडी, दगडखाणीची धूळ, ही त्याची मोठी कारणे. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तो लवकर उसळतो आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतो. बीसीजीची लस जन्मतःच देतात ती मुख्यतः या बालवयातल्या भयंकर प्रकारांपासून वाचवण्यासाठी. मोठेपणी होणारा फुप्फुसाचा क्षय ती फारसा रोखत नाही. ‘लहानपणी लस घेतली आहे, मला कशाला होईल?’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आणि सगळेच क्षय लागत नाहीत. मानेतल्या गाठींचा, ज्याला जुनी माणसे गंडमाळ म्हणतात, मणक्याचा, गर्भाशयाचा क्षय दुसऱ्याला लागत नाही, कारण तो खोकल्यातून हवेत येत नाही. लहान मुलांचा क्षयही सहसा पुढे पसरत नाही. मुलाला क्षय झाला तर शोध उलट्या दिशेने घ्यायचा : त्याला तो कुठल्या मोठ्या माणसाकडून आला?

मद्रासचा धडा

मिशनच्या जुन्या कामाशी या रोगाचे नाते आहे. राजस्थानात अजमेरजवळ तिलोनिया येथे १९०६ साली ख्रिस्ती मिशनने क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम उघडले. भारतातल्या अशा पहिल्या संस्थांत त्याची गणना होते. आंध्रात मदनपल्लीजवळचे आरोग्यवरम आणि आपल्याकडे मिरजेजवळचे वानलेसवाडी ही नावे तर पुष्कळ वाचकांना ठाऊक असतील. औषध नव्हते त्या काळात मोकळी हवा, विश्रांती आणि चांगले अन्न एवढेच देता येत होते. काही बरे होत, पुष्कळ होत नसत. रुग्ण वेगळा राहिल्यामुळे घरच्यांचा धोका कमी होई, हा फायदा मात्र नक्की.

स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले, १९५२ साली आयसोनियाझिड आले आणि चित्र बदलले. प्रश्न असा उभा राहिला की औषध आहे तर रुग्णाला दूर ठेवण्याची गरज उरते का? भारतात लाखो रुग्ण आणि खाटा मूठभर. १९५६ साली मद्रासमध्ये याची परीक्षा सुरू झाली. शहरातल्या गरीब वस्तीतल्या १९३ रुग्णांपैकी काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवले, काहींना घरीच. घर म्हणजे दाटीची एक-दोन खोल्यांची जागा, कमी अन्न, कामाला जायची घाई. औषधे दोन्हीकडे तीच, वर्षभर.

१९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले. त्याहून मोठी गोष्ट अशी की घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना सॅनेटोरियममधल्या रुग्णांच्या कुटुंबीयांपेक्षा जास्त क्षय झाला नाही. म्हणजे जी लागण व्हायची ती निदान होण्यापूर्वीच झालेली होती. औषध सुरू झाल्यानंतर रुग्ण घरात राहिल्याने तीत भर पडली नाही. आज जगभर क्षयाचे उपचार घरी राहून होतात, ते या आपल्या देशातल्या अभ्यासामुळे.

आता वर सांगितलेल्या सुनेकडे पाहा. तिला माहेरी धाडायचे कारण १९५९ सालीच संपले होते.

लागू पडणारे औषध नियमित घेतले तर साधारण दोन आठवड्यांत रुग्णाची लागण करण्याची शक्ती फार कमी होते. तेवढे दिवस तोंडाला रुमाल किंवा पदर, झोपायला शक्य तर ओटा किंवा पडवी, आणि दिवसा घराची दारे उघडी, एवढे पुरे. आईने बाळाला अंगावर पाजावे. दुधातून क्षय जात नाही. बाळाची तपासणी करून त्याला प्रतिबंधक औषध देतात. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयात मात्र योग्य औषध सापडेपर्यंत धोका राहतो, म्हणून सुरुवातीलाच तशी चाचणी करून घ्यायची.

ताईंनी त्या घरातल्या सगळ्यांना ग्रामीण रुग्णालयात नेले. सासऱ्यांना वर्षभर खोकला होता. ‘बिडीचा खोकला’ म्हणून कुणी मनावर घेतला नव्हता. त्यांच्या बेडक्यात जंतू निघाले. कुणाकडून कुणाला गेले हे आता ठामपणे सांगता येणार नाही. पण सून घरात रोग घेऊन आली, असे त्यानंतर कोणी म्हटले नाही. दोघांच्या गोळ्या एकाच पत्र्याच्या डब्यात राहू लागल्या.

खोकल्याच्या औषधाची बाटली

आदिवासी माणूस दवाखान्यात येत नाही, भगताकडे किंवा बडव्याकडे जातो, हे आपण फार सहज बोलतो. १९६३ साली डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन क्षयरोग्यांनाच विचारले, तेव्हा वेगळेच निघाले. अर्ध्याहून अधिक रुग्ण स्वतः होऊन दवाखान्यात गेलेले होते आणि तिथून खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परत आले होते. कुणी बेडका तपासलाच नव्हता. साठ वर्षांनंतरही आमच्या कार्यकर्त्यांना अशा बाटल्या घराच्या वळचणीला खोचलेल्या सापडतात. काही लोक दवाखान्यात जातच नाहीत हे खरे. पण दिवसाची मजुरी बुडवून, जीपचे भाडे भरून गेलेला माणूस बाटली घेऊन परत आला, की पुढच्या वेळी तो का जाईल?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे, बेडक्यात रक्त, यांपैकी काहीही असले तर तपासणी मागून घ्यायची. बेडका म्हणजे थुंकी नव्हे, हे शिकवावे लागते. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून काढलेला घट्ट बेडका डबीत द्यायचा, आणि तोही उघड्यावर जाऊन, घरात नाही. डबीत नुसती लाळ असली तर रोग असूनही चाचणी ‘नाही’ म्हणू शकते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याखेरीज आता जंतूचा जनुक ओळखणाऱ्या चाचण्या आहेत. त्यांतले ट्रूनॅट हे यंत्र गोव्यात तयार होते, बॅटरीवर चालते आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही काही तासांत सांगते. जिथे वीज बेभरवशाची, तिथे याचे मोल फार. काहींना खोकला नसतानाही छातीच्या फोटोत क्षय दिसतो. म्हणून हल्ली हातात नेता येतील अशी क्ष-किरण यंत्रे शिबिरांत नेतात.

उपचार मोफत आहेत. साध्या क्षयाला पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन, रोज, वजनाप्रमाणे. लघवी नारिंगी होते ती रिफाम्पिसिनमुळे. हे आधी सांगितले नाही तर माणूस रक्त जाते आहे असे समजून गोळ्या फेकून देतो. मळमळ होते, ती बहुधा कमी होते. डोळे पिवळे झाले तर मात्र गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. या काळात मोहाची दारू बंद ठेवावी लागते, कारण गोळ्या आणि दारू दोन्हींचा भार यकृतावर पडतो. हा उपदेश देताना उपदेशाचा सूर टाळावा, असे ताईंचे सांगणे आहे. सूर लागला की माणूस गोळ्याही लपवतो.

दीड-दोन महिन्यांत बरे वाटते आणि खरी कसोटी तिथून सुरू होते. खोकला थांबला, भूक लागली, कामाला हात लागला. गोळ्या मग कशाला? अर्धवट सोडल्या तर उरलेल्या जंतूंतून औषधाला न जुमानणारे जंतू वाढू शकतात, आणि तसाच जंतू शेजारच्याच्या छातीत गेला तर त्यालाही पहिल्यापासून कठीण क्षय होतो.

शिधा

मद्रासच्या अभ्यासातून एक चुकीचा धडाही घेतला गेला असे मला वाटते. घरचे कमी अन्न खाऊनही रुग्ण बरे झाले, तेव्हा अन्नाचे एवढे काय, असा सूर पुढे बराच काळ राहिला. त्याला उत्तर मिळाले झारखंडमधून. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या चार जिल्ह्यांत २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरची १०,३४५ माणसे यांचा अभ्यास केला. त्यात आदिवासी कुटुंबे मोठ्या संख्येने होती. रुग्णांना दरमहा तांदूळ, सातू, दूध पावडर, तेल मिळे. काही भागांत घरच्यांनाही माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. इतर भागांत फक्त रुग्णाला. २०२३ साली निष्कर्ष आले. ज्या घरांतल्या सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला. आणि ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांच्यात मृत्यू पुष्कळच कमी होते.

डाळ-तांदळाने संसर्गजन्य रोग अडतो, हे वाक्य दहा वर्षांपूर्वी कुणी लिहिले असते तर आम्हीच भुवया उंचावल्या असत्या. जंतू हवेतूनच येतो. पण तो आत शिरल्यावर काय होणार, हे ताटात काय आहे त्यावरही ठरते. ताटाशी क्षयाचा संबंध आहे तो असा.

२०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लाख माणसांना क्षय झाला. त्यांतली जवळजवळ २६ टक्के भारतातली.

आपल्या हातात असलेले

सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून रुग्णाच्या बँक खात्यात उपचार चालू असेपर्यंत दरमहा रक्कम जमा होते. २०१८ साली ती ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. खाते नसणे, आधार न जुळणे, बँक पंचवीस किलोमीटर दूर असणे, यांमुळे पैसे अडतात. अर्ज भरून देणारा, बँकेत बरोबर जाणारा माणूस हीच तिथे मोठी मदत. सप्टेंबर २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ म्हणून कोणतीही व्यक्ती किंवा संस्था, रुग्णाच्या संमतीने, त्याला दरमहा पोषणाचा शिधा देऊ शकते. आपली मंडळीही नाव नोंदवू शकते. शिधा देताना झारखंडची गोष्ट आठवून घरच्या सगळ्यांच्या तोंडचा विचार करावा. एकट्या रुग्णासाठी दिलेली डाळ आई मुलांना वाढते आणि स्वतः आमटीचे पाणी पिते.

शिधा पोचवताना गाडीवर फलक, रुग्णाच्या हातात पिशवी देतानाचा फोटो, हे कृपया नको. गावात कुणाला सांगायचे ते त्या माणसाला ठरवू द्या.

घरातल्या ज्यांना रोग नाही, त्यांना प्रतिबंधक औषध मिळते. काही ठिकाणी सहा महिने रोज, काही ठिकाणी आठवड्यातून एकदा असे बारा वेळा. ‘आजारी नाही तर गोळी कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी वरचा जंतू आणि रोग यांतला फरक नीट समजलेला असावा लागतो. माहितीसाठी निक्षय हेल्पलाइनचा मोफत क्रमांक १८००-११-६६६६ आहे.

ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर निघतील. त्याआधी प्रत्येक टोळीत खोकणारे कोण आहेत ते पाहून त्यांचा बेडका तपासून घ्यायचा, आणि जे औषधावर आहेत त्यांचा निक्षय क्रमांक चिठ्ठीवर लिहून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यांच्याजवळ द्यायचा, म्हणजे गुजरातमधल्या सरकारी दवाखान्यात गोळ्या पुढे चालू राहतात. या वर्षी हे काम आम्ही दसऱ्यालाच सुरू करणार आहोत. ज्यांना चार दिवस पाड्यावर येऊन यादी करायला, चिठ्ठ्या लिहायला जमेल, त्यांनी आपल्या पाळकांमार्फत कळवावे. मुक्कामाची सोय शाळेच्या पडवीत आहे. पांघरूण बरोबर आणावे लागेल.